आधी पूल की आधी गिरणी

घड्याळजी पडले ते स्वतःच्याच घड्याळापायी. जन्मभर लोकांची घड्याळं खाली मान घालून, बसल्या जागी दुरुस्त केली, आणि एके सकाळी हॉलमधल्या आपल्या लंबकाच्या घड्याळाला चावी द्यायला म्हणून स्टुलावर चढले, ते थेट दवाखान्यात उतरले. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली, टाके घातले, फोटो काढला आणि फोटोकडे बघून स्वतःवरच खूश होत म्हणाले, "हाड झकास बसलंय. आता फक्त चालायचं."

घड्याळजींनी त्यातलं 'बसलंय' तेवढं ऐकलं.

घरी आल्यावर ते खिडकीशेजारच्या वेताच्या खुर्चीत जे रुतले ते रुतले. वॉकर शेजारी उभा. त्याच्यावर काकूंनी टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली, तरी माणसानं हूं की चूं केलं नाही. चावी न मिळाल्यामुळे भिंतीवरचं घड्याळ पडल्या दिवसापासून बंद होतं, आणि घड्याळजी त्याच्याकडे पाठ करून बसत. एरवी शेजाऱ्याच्या घरातलं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तरी ज्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे, ते हे असे.

काकू म्हणजे त्यांची बायको. निवृत्त होईपर्यंत त्या कोपऱ्यावरच्या मोठ्या कापडदुकानात पडद्यांच्या काउंटरवर उभ्या असत, म्हणून साऱ्या गल्लीच्या त्या कापडवाल्या काकू. समोरच्या इमारतीतले निम्मे पडदे त्यांच्या हातून गेलेले. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून कुणाचा पडदा विटला, कुणी उगाच भडक घेतला होता आणि आता पस्तावतंय, याचा त्या हिशेब लावत. हा त्यांचा करमणुकीचा कार्यक्रम होता आणि त्याला त्यांना दुसरी कुठलीही बाल्कनी चालणार नव्हती.

नेमकी तीच बाल्कनी जायची वेळ आली होती.

मुलगी दुसऱ्या शहरात विमा कंपनीत होती. कुठं काय पडू शकतं, कोण कशावरून घसरू शकतं, याचा अंदाज बांधण्याचा तिला पगार मिळे, आणि हे काम ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा इमानानं करी. वडिलांना दवाखान्यातून चार माणसांनी खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर चढवलं, तेव्हा ती मागून प्रत्येक पायरीकडे संशयित आरोपीकडे बघावं तशी बघत आली. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि होण्याची चिन्हंही नव्हती.

"आई, माझ्या घराजवळ तळमजल्यावरची जागा बघून ठेवलीय," तिचा फोन आला. "समोर बाग आहे. बाबांना जिना नको आणि मला घोर नको."

"बाबा चढतील गं जिना."

"कधी?"

काकूंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. घासाघीस करण्याआधी त्या दुकानातही असंच करत. "तू सणासुदीची नाही, अशीच साध्या रविवारी ये. महिन्याभरानं. बाबांनी जिना चढून-उतरून दाखवला तर हा विषय बंद. नाही दाखवला तर आम्ही मुकाट्यानं तुझ्याबरोबर."

"स्वतःच्या पायांनी. कुणी न धरता."

"स्वतःच्या पायांनी," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून खुर्चीकडे बघितलं. खुर्चीतले पाय एकमेकांवर टाकून निवांत होते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी एक दिवसाआड येई. गोड बोलायची. "आजोबा, दहाच पावलं. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी काहीही, बाळ," घड्याळजी म्हणत. "उद्या."

काकूंनी विनवलं, रागावून बघितलं, अबोला धरून बघितला. अबोला घड्याळजींना मानवला, वजन वाढलं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर काकूंकडेच बघत राहिले. "यांचं होईल. पण तुम्हाला बोलताना धाप लागतेय, साखरही वर गेलीय. तुम्हीही रोज चालायचं, जिना चढायचा." काकूंनी मान हलवली. शेजारच्या खुर्चीतून घड्याळजींनी ती मान बघून ठेवली.

महिन्यातला पहिला आठवडा असाच वाया गेला. मग एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या हेडबाई विचारपूस करायला आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता, पण खुर्चीत बसताना आजही सगळा वर्ग उभा असल्यासारख्या बसत. बोलता बोलता विषय चालण्यावर आला.

"कोण म्हणेल हेच ते," काकू खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही डोंगरावरच्या देवस्थानाला चालत गेलो होतो, हेडबाई. सात मुक्काम. नदीच्या काठाकाठानं. आधी ती पाण्यावर चालणारी गिरणी लागते, मग लाकडी पूल..."

"आधी पूल," खुर्चीतून आवाज आला.

कितीतरी दिवसांनी त्या आवाजाला धार होती.

"गिरणी आधी," काकू म्हणाल्या. त्यांना खरंच तसं आठवत होतं.

"अगं, धर्मशाळेतून निघालो की उतार, उतार संपला की पूल. पुलावर तुझी पिशवी फाटली आणि बटाटे नदीत पडले. गिरणीत गेलो ते नवी पिशवी मागायला. पिशवी फाटायच्या आधी मागायला गेलो होतो का?"

"मला तर गिरणी आठवतेय आधी."

घड्याळजींनी हेडबाईंकडे बघितलं. बायकोसमोर चूक खपवून घेणं निराळं आणि हेडबाईंसमोर निराळं. त्यांनी वॉकरवरचा टॉवेल काढून काकूंच्या मांडीवर फेकला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कण्हत उभे राहिले. ठक, ठक करत बेडरूमच्या दारापर्यंत गेले. "ही धर्मशाळा." तिथून वळून पॅसेजमध्ये. "हा उतार." बाथरूमच्या दाराशी वॉकर आपटला. "हा पूल. खाली पाणी, बघ. आणि ती तिकडे स्वयंपाकघरात गिरणी. कळलं?"

"कळलं," काकू बारीक आवाजात म्हणाल्या.

त्यांना फार मोठी गोष्ट कळली होती. नवऱ्याशी एवढी वर्षं संसार केला, पण त्याला गिऱ्हाईक समजून कधी बघितलंच नव्हतं.

काउंटरवर त्यांची एक पद्धत असे. 'घ्यायचं काही नाही, नुसतं बघतोय,' असं म्हणत हात मागे बांधून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकापुढे त्या मुद्दाम नको ते कापड आधी उलगडत. डोळ्यांत खुपणारं जांभळं, नाहीतर पोपटी. गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. "छे, हे कसलं! जरा फिकं हवं." झालं! मागे बांधलेले हात पुढे आले, बोटं कापडाला लागली, की काकू मनातल्या मनात कात्री उचलत. स्वतःच्या फायद्यासाठी माणूस जेवढा हलत नाही, तेवढा दुसऱ्याची चूक दाखवायला हलतो, ही त्यांची कमाई होती आणि ती त्यांनी कुठल्याही नव्या पोरीला फुकट शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात देत त्यांनी पहिलं जांभळं उलगडलं.

"काय हो, पुलानंतर आपण डावीकडे वळलो होतो ना? जंगलाकडे?"

कप तसाच तिपाईवर राहिला. वॉकर उचलला गेला.

अशी ती वाट घरात उगवली. धर्मशाळा बेडरूममध्ये, पूल बाथरूमच्या दाराशी, गिरणी मिक्सरच्या शेजारी. बाल्कनीतल्या कुंड्यांचं जंगल झालं आणि जेवणाच्या टेबलाचं तळं, ज्याला पूर्ण वळसा घातल्याशिवाय पुढे जाता येत नसे. हॉल म्हणजे उघडा माळ, त्यावर सोफ्याचा खडक. दाराजवळचं चपलांचं कपाट ही चढाच्या पायथ्याची शेवटची टपरी. दाराबाहेर जिना, तो चढ. दोन मजले वर गच्ची, म्हणजे देवस्थान. एका मुक्कामाला किती फेऱ्या, ते घड्याळजींनी ठरवलं आणि काकूंनी मोजलं. दुकानात कापड मोजताना हात आखडता घ्यायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. इथं त्यांनी तीच कला वापरली, आणि घड्याळजींच्या दोन-तीन फेऱ्या रोज कुठं गळून जात ते त्यांना समजत नसे.

काकूंना रोज नवी चूक काढावी लागे. जंगलात माकडं होती म्हणाल्या, तर "माकडं नव्हे, खारी" हे सांगायला घड्याळजी बाल्कनीपर्यंत गेले. माळावर ऊन होतं म्हणाल्या, तर पाऊस होता हे पटवायला त्यांनी सोफ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, कारण तेव्हा आडोशासाठी खडकाला तेवढ्या घातल्या होत्या. एकदा काकूंना काहीच सुचेना, म्हणून त्या म्हणाल्या, "तळ्यात मगर होती ना हो?" घड्याळजींना जोराचा खोकला आला. बराच वेळ खोकले, डोळे पुसले आणि मग टेबलाभोवती फिरून तळ्यात बदकांपलीकडे काही नसल्याचं सिद्ध केलं. तिकडे काकूही बरोबर चालत होत्याच. भांडायचं तर माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा.

चौथ्या मुक्कामाला हेडबाई वर आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर.

"माझ्या डोक्यावर रोज ठकठक चाललीय. काय चाललंय काय?"

"पूल ओलांडतोय," घड्याळजी म्हणाले.

हेडबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पॅसेजमध्ये जाऊन पूल बघितला, आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मग माझं घर नदीत येतं."

"बरोब्बर पात्रात."

"शिक्षा म्हणून मला तळ्याकाठी चहा पाहिजे." त्या दिवसापासून त्या रोज दुपारी तळ्याकाठी बसू लागल्या आणि वाटेवरच्या भांडणात निकाल देऊ लागल्या. वाट त्यांनी बघितलेली नव्हती, त्यामुळे निकाल अगदी निःपक्षपाती असत.

जंगल संपता संपता वॉकर गेला आणि काठी आली. व्यायामाची मुलगी थक्क झाली. "आजी, काय केलंत?"

"काही नाही बाई. मला हल्ली फार विसरायला होतं," काकू म्हणाल्या.

आणि मग, लेक यायला दहाएक दिवस उरले असताना, मंडळी टपरीवर पोचली.

इथं त्या जुन्या यात्रेतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती काकू दरवर्षी निदान एकदा तरी ऐकवतच. तेव्हा पायथ्याच्या टपरीवर एक भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं. नवा नवरा त्याच्याकडे बघत राहिला. "पाच मिनिटं," म्हणाला आणि खिशातून पेचकस काढला. दुपार कलली तरी चाकं बाकावर पसरलेली. शेवटी काकू एकट्या वर गेल्या, घंटा वाजवून खाली आल्या, तेव्हा कुठं घड्याळ टिकटिकायला लागलं होतं आणि परतीची वेळ झाली होती. सात मुक्काम चालून घड्याळजींनी देवस्थान बघितलंच नाही. टपरीवाल्यानं मात्र त्यांना चहा फुकट पाजला.

आताही टपरी आली आणि घड्याळजी चपलांच्या कपाटाशेजारी स्टूल ओढून बसले. "भिंतीवरचं घड्याळ खाली काढून द्या," त्यांनी हेडबाईंना सांगितलं. कपाटावर फडकं अंथरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि लंबकाच्या घड्याळाचं पोट उघडलं.

"अहो, चढ," काकू म्हणाल्या.

"हे एवढं होऊ दे."

"चढाला पायऱ्या होत्या का हो? मला तर वाटतं सपाटच होतं."

"असेल."

काकूंनी घाईनं दुसरं कापड काढलं. "वर दरवाजाला लाल रंग होता, नाही?"

"तू बघितलास, मी कुठं बघितलाय? तू म्हणशील तो रंग."

चूक काढायची तर बरोबर काय ते ठाऊक हवं, आणि वरचं घड्याळजींना काहीच ठाऊक नव्हतं! सगळ्याला होय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासारखं वाईट गिऱ्हाईक नाही. ते प्रत्येक कापडाला सुंदर म्हणतं आणि हात हलवत निघून जातं.

"खांब चार होते वर," काकूंनी शेवटचा तागा टाकला. "का सहा?"

भिंग वर झालं. "नक्की सांग बाई. असं अर्धवट नको."

"आठवत नाही."

"पुलाचं मला तरी कुठं आठवत होतं? पुलावर जाऊन उभा राहिलो तेव्हा आठवलं. तूही वर जाऊन उभी राहा. आठवेल. तोवर मी हे चाक बसवतो."

काकूंना आशा वाटली. त्या जिना चढल्या. पहिल्या वळणावर थांबल्या, दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकल्या, गच्चीत पोचल्या तेव्हा पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या चादरी डोळ्यांपुढे गरगरत होत्या. खाली येऊन त्यांना बराच वेळ शब्द फुटेना. मग म्हणाल्या, "चार."

"छान," घड्याळजी म्हणाले.

संध्याकाळी त्या पुन्हा गेल्या आणि सहा सांगितले. आता तरी हा माणूस चिडेल, उठेल, 'मलाच बघू दे' म्हणेल. घड्याळजींनी शांतपणे विचारलं, "आणि घंटा? उजवीकडे की डावीकडे?" दुसऱ्या दिवशी घंटेसाठी चढ. मग उंबऱ्यासाठी. मग वाऱ्याची दिशा. काकू रोज सकाळ-संध्याकाळ वर जात, वेगवेगळं खोटं घेऊन खाली येत, आणि घड्याळजी ते सगळं ठेवून घेत. घड्याळ मात्र पुढे सरकत नव्हतं. आज बसवलेलं चाक उद्या पुन्हा बाहेर.

"या बाबतीत तुमचा नवरा नापास," हेडबाई तळ्याकाठून म्हणाल्या.

रविवार उजाडला. मुलगी सकाळीच पोचणार होती. काकू सकाळी वरून खाली आल्या, तेव्हा वरच्या वळणावर असल्यापासूनच त्यांनी सुरुवात केली. "वारा मागून होता, पुरे झालं आता, हे सामान आवरा, पोरगी येईल आणि तिला पहिलं दिसेल ते हे पसरलेलं दुकान." दारात आल्या, तरी तोंड चालूच होतं. मग त्या एकदम थांबल्या आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसल्या.

"मला इथून जायचं नाही हो," त्या म्हणाल्या.

भिंग डोळ्यावरून खाली आलं.

"ती म्हणेल ते ऐकीन मी. शब्द दिलाय. बागेसमोर बसेन, छान आहे म्हणेन. पण मला ही बाल्कनी हवीय, हेडबाई हव्यात, समोरचे ते विटके पडदे हवेत. तुम्ही चढा ना. बाकी काही नाही. चढा."

घड्याळजी त्यांच्याकडे वळले. "एवढं सरळ कापड तू पहिल्यांदाच उलगडलंस."

"म्हणजे?"

"लग्नाआधी मी तुमच्या दुकानात निळा पडदा घ्यायला आलो होतो. तू आधी जांभळा दाखवलास. मग पोपटी. मी नको नको म्हणत निळ्यापर्यंत आलो आणि घेऊन गेलो. घरी गेल्यावर आठवलं, निळ्याची घडी तू पहिल्यापासूनच काउंटरखाली घालून ठेवली होतीस. दुसऱ्या दिवशी परत आलो, ते काय पडद्यासाठी आलो होतो?"

"म्हणजे तुम्हाला सगळं..."

"पहिल्या दिवशीची गिरणी खरी चुकलेली होती. पुढचा सगळा माल दुकानातला. मगर काढलीस तेव्हा हसू दाबायला मला खोकावं लागलं."

"आणि तरी उठत होतात?"

"चूक ती चूक. मुद्दाम केली म्हणून ती बरोबर होत नाही."

"मग इथं टपरीवर काय धाड भरली?"

"तू वर जात होतीस ना," घड्याळजी म्हणाले. "पहिल्या दिवशी खाली आलीस तेव्हा तुला 'पाणी' म्हणता येईना. आज वरून बोलत आलीस ती दारापर्यंत दमली नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मान हलवलीस. ती मान मला पाठ आहे. 'पुढच्या आठवड्यात माल येईल' म्हणताना हलवायचीस, तीच."

काकूंना राग यावा की हसू, ठरेना. इतकी वर्षं काउंटरच्या या बाजूला उभ्या राहिल्या, आणि शेवटी आपल्यालाच कुणी अख्खा तागा खपवला. त्यांनी श्वास घेऊन बघितला. खोल गेला. लबाड माणूस!

"माझं झालं. तुमचं काय?"

घड्याळजींनी पेचकस फडक्यावर ठेवला. मग पुन्हा उचलला. "माझं निराळं. मला भीती वाटते. त्या स्टुलाला दोनच पायऱ्या होत्या."

काकू उठल्या आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या. "मी एक पायरी मागे राहीन. धरणार नाही. पण असेन."

घड्याळजींनी उघड्या घड्याळाकडे बघितलं. चाकं मांडलेली, स्क्रू वाटीत. अर्धवट काम टाकून हा माणूस जेवायलासुद्धा कधी उठला नव्हता. त्यांनी त्याच्यावर फडकं टाकलं आणि काठी घेऊन उभे राहिले.

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," व्यायामाच्या मुलीनं शिकवलेलं पुटपुटत ते पहिली पायरी चढले. एक हात कठड्याला, एक काठीला. मग दुसरी. पहिल्या वळणावर त्यांच्या कपाळावर घाम होता. काकू मागून पायऱ्या मोजत होत्या, या वेळी एकही न गाळता. तिसऱ्या मजल्यावर खालून हेडबाईंची पावलं ऐकू आली. त्यांच्या हातात खुर्ची आणि काखेत निरोपसमारंभात मिळालेली शाळेची पितळी घंटा होती.

"दमलात तर बसा," त्या म्हणाल्या. "पण गुण कापीन."

घड्याळजी बसले नाहीत. गच्चीचं दार ढकललं, तशी ऊन आणि वारा एकदम अंगावर आले. चादरी फडफडत होत्या. घड्याळजी टाकीपर्यंत चालत गेले, तिच्यावर हात ठेवला आणि सगळीकडे बघितलं, अगदी सावकाश, पैसे देऊन बघायला आल्यासारखं.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "खांब किती होते?"

"मोजले कुठं," काकू म्हणाल्या. "वर पोचले, आणि आधी वळून खाली बघितलं. तुम्ही येताय का."

हेडबाईंकडून घड्याळजींनी घंटा घेतली आणि वाजवली ती अशी, की समोरच्या इमारतीतले तीन विटके पडदे एकदम बाजूला झाले.

खाली गल्लीत मुलगी नुकतीच रिक्षातून उतरत होती. तिनं वर बघितलं. कठड्याशी वडील, हातात घंटा! विमा कंपनीतली सारी वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. बॅग घेऊन ती जी धावत सुटली, ती चार मजले न थांबता चढली आणि गच्चीच्या दारात येऊन कोसळल्यासारखी पायरीवर बसली.

"बाबा... तुम्ही... एकटे... कुणी..."

"बस आधी," काकू म्हणाल्या. "पाणी आणू का?"

मुलीनं हातानंच थांब म्हटलं. तिला बोलता येत नव्हतं. घड्याळजी काठी टेकत तिच्याजवळ आले, वाकले आणि मायेनं म्हणाले, "तळमजल्याची ती जागा सोडू नकोस हं. तुला लागेल."

आधी हेडबाई हसल्या, मग काकू, आणि शेवटी धापा टाकत मुलगीही. पण ती कामाची बाई. डोळे पुसून म्हणाली, "चढलात. उतरायचं ठरलं होतं. उतरा, मग विषय बंद."

उतरायला दुप्पट वेळ लागला. दुखरा पाय आधी, मग चांगला. मुलगी पुढे, दोन्ही हात पसरून, कुणाला न धरता. काकू एक पायरी मागे. शेवटच्या पायरीवर घड्याळजी क्षणभर थांबले आणि मग उतरले. मुलीनं बॅगेतून त्या तळमजल्याचे कागद काढले, काकूंकडे बघितलं आणि कागद परत बॅगेत टाकले.

"चहा कर गं आई," ती म्हणाली.

काकू स्वयंपाकघराकडे वळल्या. मागे घड्याळजींची काठी हॉलमधून येत होती. माळ ओलांडला, तळ्याला वळसा झाला, पॅसेजच्या तोंडाशी ती थांबली.

"ऐकलंस का," ते म्हणाले. "आता परतीची वाट."

"मग?"

"परतताना आधी गिरणी लागते. मग पूल." त्यांनी काठी मिक्सरकडे रोखली. "तुझंच बरोबर होतं. जरा लवकर सांगितलंस, एवढंच."